परत केलेल्या पैशावरचा कर

बनशंकरी देवीच्या नावाने ओळखला जाणारा बंगळुरूचा दक्षिण भाग मराठी माणसाला परका वाटत नाही. बदामीची बनशंकरी महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची कुलदेवता आहे. शहरातील कारखान्यांत आणि कार्यालयांत उमेदीची वर्षे घालवून येथे स्थायिक झालेल्या निवृत्तांपुढे अलीकडे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला : निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्य निर्वाह निधीचा काही भाग परत केला, तर आयकर विवरणपत्रात त्याची नोंद कोठे करावयाची?

प्रश्नाचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन निधीत जाते. मात्र १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे दरमहा १,२५० रुपये. मर्यादेवरील वाटा भविष्य निर्वाह निधीत साठला आणि निवृत्तीनंतर सभासदाने उचलला. त्या तारखेस सेवेत असलेल्या पात्र सभासदांना न्यायालयाने प्रत्यक्ष वेतनावरील निवृत्तिवेतनाचा पर्याय खुला केला, तेव्हा उचललेला वाटा व्याजासह परत करणे ओघानेच आले. बँक कर्मचाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. २७ एप्रिल २०१० च्या करारानंतर अनेक निवृत्तांनी बँकेचा वाटा, त्यावरील व्याज आणि या एकूण रकमेच्या ५६ टक्के आणखी रक्कम भरून निवृत्तिवेतन स्वीकारले होते.

आता कराचा भाग. समजा, एका गृहस्थांनी १८ लाख रुपये परत केले आणि त्यांना निवृत्तिवेतनाची १२ लाखांची थकबाकी मिळाली. व्यवहारात त्यांच्या खिशातून ६ लाख गेले. ते साहजिकच म्हणतात, यात उत्पन्न कसले? कायदा मात्र दोन्ही रकमा वेगळ्या पाहतो. थकबाकी हे वेतनाच्या सदराखालील उत्पन्न. तिच्यातून कर कापला जातो आणि ती पूर्ण १२ लाखच दाखवावी लागते. परत केलेल्या १८ लाखांसाठी विवरणपत्रात वजावटीचा रकानाच नाही. वजाबाकी करून विवरणपत्र भरणाऱ्यास पुढे विसंगतीची नोटीस येण्याचा धोका असतो.

मुद्दलापुरता हा नियम समजण्यासारखा आहे. पाच वर्षांहून अधिक सलग सेवेनंतर उचललेला निधी मुळातच करमुक्त होता. करमुक्त आलेले पैसे वजावटीविना परत गेले, यात अन्याय म्हणता येणार नाही. व्याजाची गोष्ट निराळी आहे. मधली सहा-सात वर्षे ती रक्कम मुदत ठेवीत होती, तिच्या व्याजावर दरवर्षी कर भरला गेला आणि त्याच काळाचे व्याज निधीला भरताना एका पैशाचीही सूट नाही. येथे कायद्याने दुरुस्ती करावयास हवी. भरलेले व्याज थकबाकीतून वजा करू देण्यात सरकारी तिजोरीचे फारसे बिघडणार नाही; ज्येष्ठ नागरिकाचे मात्र पुष्कळ बिघडते आहे.

तोवर हाती असलेला उपाय १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८९ चा. थकबाकी ज्या त्या वर्षाची मानून कर मोजावयाचा आणि एकाच वर्षात पडलेला जादा भार सवलत म्हणून मिळवावयाचा, असे त्याचे स्वरूप. त्यासाठी नमुना १०ई विवरणपत्रापूर्वी संगणकावरून दाखल करावा लागतो. तो राहिला की सवलत नाकारली जाते. (१ एप्रिल २०२६ पासून अंमलबजावणी ठरलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे ध्यानात घ्यावे.) बहुतेकांचे घोडे अडते ते थकबाकीच्या वर्षवार तपशिलापाशी. निधी कार्यालयाकडून तो लेखी मागून घ्यावा. मागणीपत्र आणि रक्कम भरल्याची पावती त्यास जोडून ठेवावी.

सभासदाच्या पश्चात पत्नीला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीलाही कलम ८९ ची सवलत लागू होती. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी वृद्ध महिला पूर्ण कर भरून मोकळ्या होतात, आणि मुलेही सहसा चौकशी करीत नाहीत.