बाटलीची जात

सरकार कुणाचं हे कळायला भाषणं ऐकू नका. बाटलीवरचा कर बघा.

पार्ल्यात वाइनचं दुकान वेगळं, देशीचा बार वेगळा. करही वेगळा. 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, इथल्या द्राक्षांच्या वाइनला दहा वर्षं अबकारी माफ. 2009 च्या योजनेत 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के कारखानदाराला परत. नाव घेतलं शेतकऱ्याचं. निफाड-दिंडोरीत घड तोडणाऱ्या भूमिहीन बाईच्या मजुरीला कसली सूट?

मी गोदीत माल उचलतो. परदेशी वाइनवर 150 टक्के जकात होती. 2022 साली ऑस्ट्रेलियाशी करार लागू झाला. पाच डॉलरवरच्या बाटलीला 100 टक्के, पंधरावरच्या बाटलीला 75. पाचाखालचीला सूट नाही. बाटली महाग, तर दर कमी! हे गणित आम्हाला मॅट्रिकला नव्हतं.

आणि देशी? जून 2025 ला तिच्यावरची अबकारी प्रूफ लिटरमागं 180 वरून 205 रुपये ठरली. क्वार्टर किमान 80 रुपये. वाइनला हातसुद्धा लावला नाही.

म्हणतात, महाग झाली की गरीब सोडेल. सोडत नाही, हातभट्टी गाठतो. जून 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली.

मी दारूची वकिली करत नाही. तिनं आपल्या वस्त्या खाल्ल्या. पण कर लावायचाच तर बाटलीतल्या अल्कोहोलवर लावा, सगळ्यांना एकच माप. पिणाऱ्याची पायरी बघून नको!