चोडणच्या तिवरांतून

पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला नदी एकाच दिशेने वाहताना पाहण्याची सवय असते. घाट उतरून गोव्यात गेले की तो समज मोडतो. मांडवीच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा ओसरते. पेढीवर बसणाऱ्याला ही आवक-जावक चटकन उमगावी.

पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोट काही मिनिटांत चोडण बेटावर पोहोचते. धक्क्यापासून थोड्याच अंतरावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. आत तिवरांच्या दाटीतून एक बांधीव पायवाट जाते.

ओहोटीच्या वेळी दोन्ही बाजूंचा चिखल उघडा पडतो. त्यातून बोटभर जाडीची असंख्य मुळे वर डोकावत असतात. त्या चिखलात प्राणवायू नाही. म्हणून झाड या मुळांवाटे हवेतून श्वास घेते. त्यांच्यामधून एकच नांगी मोठी असलेले इवले खेकडे धावतात, निवट्या उड्या मारतात. मुनींच्या ईर्यासमितीत चार हात भूमी पाहून चालण्याचा नियम आहे. येथे श्रावकाचीही दृष्टी आपोआप पावलांपुढे झुकते.

एवढ्यात खंड्या झेप घेतो आणि चोचीत मासा धरून फांदीवर बसतो. बरोबरच्या मुलांना प्रश्न पडतो, ‘हे पाप नव्हे का?’ प्रश्न टाळू नये. अहिंसेचे व्रत घेणे, ते जाणून पाळणे हे मनुष्यभवाचे सामर्थ्य आहे. पक्षी भूक भागेल तेवढेच घेतो. साठवण करीत नाही. खाडीत प्लास्टिक टाकणारा हात मात्र माणसाचा, आणि तो आवरणे माणसालाच शक्य आहे.

आपल्या घरांत पाखरांना दाणे टाकणे ही जीवदया मानली जाते. येथे ती सवय बाहेर ठेवावी. या पाणपक्ष्यांना शेव-फरसाण नको आहे. त्यांना हवी आहे निवांत जागा. कधी कधी काही न देणे, न तोडणे, आवाज न करणे हेच अभयदान ठरते.

हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी, सकाळी लवकर निघावे आणि पायवाट संपेपर्यंत मौन पाळून पाहावे. लहानांनाही ते जमते.