मौनी संत आणि भर दुपारचे बार

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात संत योसेफच्या सणानिमित्त 'फायास' उत्सव साजरा होतो. १ ते १९ मार्च या काळात दररोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेसमोरच्या चौकात दारूकाम होते. त्याला 'मास्कलेता' म्हणतात. भर उन्हात! आकाशात धुराखेरीज पाहण्यासारखे फारसे काही नसते. जे असते ते कानांसाठी आणि छातीसाठी. आमच्याबरोबरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दोन्ही कान दाबून धरले आणि चौकाबाहेर पडताच निकाल दिला, "शुभवर्तमानात ज्या संताच्या तोंडी एक शब्द नाही, त्याच्या सणाला ही दांडगाई? हा त्याचा अपमान आहे."

वाक्य टाळी घेणारे आहे. मला मात्र ते मान्य नाही. योसेफ मितभाषी असतील, पण सुताराचे घर बिनआवाजाचे कसे असेल? करवत आणि हातोडी यांच्या आवाजातच नाझरेथचा तो संसार चालला असणार. या उत्सवाचे मूळही तेथील सुतारांकडेच सांगितले जाते. सणाच्या पूर्वसंध्येला ते आपल्या कारखान्यातील ढलप्या नि मोडके लाकूड पेटवीत.

शिवाय कान उघडे ठेवले असते, तर तो नुसता गोंगाट नाही हे गृहस्थांना कळले असते. आधी सुटे बार, मग त्यांची लय, मग ती लय चढत चढत शेवटचा 'तेरात्रेमोल', म्हणजे भूकंप. आवाज १२० डेसिबलच्या घरात जातो, पायाखालची फरशी थरथरते, आणि सारे एकदम थांबते. काही मिनिटांचाच खेळ. सज्जातून उत्सवाची मानकरी तरुणी परवानगी देते, तेव्हाच वात पेटते. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, कारागीर कोण हेही सर्वांना ठाऊक. जाणकार त्याच्या कामाची मागाहून चिकित्सा करतात.

युनेस्कोने २०१६ साली या उत्सवाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले, म्हणून मी त्याची बाजू घेतो असे नव्हे. चौकाभोवतीच्या घरांत आजारी माणसे असतील, तान्ही मुले असतील, भेदरणारी कुत्री असतील. एकोणीस दुपारी त्यांनी काय करावे? हा आक्षेप गृहस्थांनी घेतला असता, तर मी निरुत्तर झालो असतो. त्यांनी संतांना मध्ये घातले.

पुढे वसईत त्यांच्याच घरी लग्न निघाले. मध्यरात्र उलटून गेल्यावर गल्लीत फटाक्यांच्या माळा लागल्या. शेजारी दमेकरी म्हातारी होती. हे आणखी किती वेळ चालणार, असे विचारायला मी बाहेर आलो. तर माळ कोणी लावली, हे सांगणारा एकही माणूस तेथे सापडेना.