त्रास मोजायचा कुणाच्या शब्दांत?



१९८६ साली स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि चिंगारी यांनी 'नेट-एन' या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. बायकांना पुरती माहिती न देताच सुई टोचली जात होती. आज सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन मिळते. पाळी अनियमित होणे वा थांबणे, वजन वाढणे हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम.

असे त्रास मोजायचे तक्ते बहुधा इंग्रजीतून मराठीत येतात. पण 'अंगावर जाते का?' याचा अर्थ कुणी पांढरे जाणे घेते, कुणी रक्त जाणे. 'सौम्य, मध्यम, तीव्र' हे तर पुस्तकातले शब्द. कारंजा लाडच्या शिवारात कापूस वेचणारी बाई किती कपडे बदलावे लागले, किती दिवस मजुरी बुडली, हे नेमके सांगेल.

तक्ता भरवशाचा आहे का, हे तपासायला तब्येत तशीच असताना काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारतात. दोघींनी वेगवेगळ्या घेतलेल्या नोंदी ताडून पाहतात. हे हवेच. पण प्रश्नच चुकीचा कळला असेल, तर दोन्ही वेळा तेच चुकीचे उत्तर येईल आणि तक्ता उत्तीर्ण होईल! म्हणून आधी विचारायला हवे, "तुमाले यातून काय समजलं?"

न कळलेल्या प्रश्नाला आलेले 'नाही' म्हणजे 'त्रास नाही' नव्हे. असा तक्ता हाती आला, तर गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. अडलेले शब्द लिहून तो करणाऱ्यांकडे परत पाठवा. तोवर त्यातल्या आकड्यांवर कुणाला 'औषध निर्धोक' म्हणू देऊ नका.