मावळ्याच्या मापाचा किल्ला

दिवाळीच्या तोंडावर पेणपासून महाडपर्यंत कोणत्याही बाजारात जावे, रस्त्याच्या कडेला रंगवलेल्या मावळ्यांच्या रांगा मांडलेल्या दिसतात. भालदार, घोडेस्वार, तुतारीवाला, तोफेपाशी उभा गोलंदाज आणि मध्यभागी सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज. अलीकडे त्यांच्या शेजारी आणखी एक वस्तू विक्रीस येऊ लागली आहे, ती म्हणजे तयार किल्ला. प्लास्टर ऑफ पॅरिसचा, हिरव्या-तपकिरी रंगाचा, मध्ये एक जिना आणि वर एक भगवा. घरी न्यावा, त्यावर मावळे मांडावेत, छायाचित्र काढावे आणि तुळशीचे लग्न झाले की माळ्यावर टाकावा. माझा पहिला आक्षेप या तयार किल्ल्याला आहे, कारण तो मुलाच्या हातचे सगळे कामच काढून घेतो. परंतु आपण मातीने, दगडाने आणि चिखलात बुडवलेल्या गोणपाटाने जो किल्ला करीत आलो, त्यातही एक उणीव आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ती उणीव मापाची आहे.

बाजारातील साधा मावळा सुमारे तीन इंचांचा असतो. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांत बसवला, म्हणजे प्रमाण झाले एकास बावीस. आता त्याच प्रमाणात रायगड करावयाचा म्हटले तर काय होईल? समुद्रसपाटीपासून गडाची उंची सुमारे २७०० फूट. तिला बावीसने भागले की येतात १२३ फूट, म्हणजे जवळजवळ बारा मजली इमारत. महादरवाजाच्या मोठ्या बुरुजाची उंची ७५ फूट सांगतात; तो एकटाच साडेतीन फुटांचा होईल. आपण मात्र अंगणात सारा डोंगर तीन फुटांत उभा करतो आणि दरवाजाशी असा पहारेकरी ठेवतो की ज्याचे डोके बुरुजाच्या वर जाते. महाराजांची मूर्ती तर मावळ्याच्या दुप्पट असते. सहा वर्षांच्या मुलाने असा किल्ला केला, त्यावर प्लास्टिकचा जिराफ आणि खेळण्यातली मोटार ठेवली, तर मला त्यात आनंदच आहे. पण आठवी-नववीतला विद्यार्थी जेव्हा प्रमाण आणि गुणोत्तर शिकून बाहेर येतो आणि तोच किल्ला पुन्हा करतो, तेव्हा आपण त्याला काही शिकवले की नाही, असा प्रश्न पडतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की मोठ्या मुलांनी अख्खा किल्ला करूच नये. दोन फूट लांब व दोन फूट रुंद असा लाकडी पाट घ्यावा. एकास बावीस या प्रमाणात त्यावर ४४ फुटांची चौरस जागा मावते. एवढ्या जागेत दरवाजाच्या आतील एक देवडी, पाण्याच्या एका टाक्याचा कोपरा किंवा तटाचा एक तुकडा आणि त्याखालचा खडक नीट बसतो. मावळा मग आपल्या मापाच्या जागेत उभा राहतो. पायरी त्याच्या पावलाएवढी आणि कमान त्याच्या भाल्याहून उंच होते. युरोप-अमेरिकेत हा छंद फार मोठा आहे. जेमतेम इंचभर उंचीच्या शिपायांसाठी तेथील हौशी मंडळी झाडाची साल, वाळू आणि वाळवलेली चहाची पत्ती वापरून जमिनीचे तुकडे घडवतात. त्यासाठी तयार सामान विकणारी दुकानेही तिकडे आहेत. आपल्याला त्या दुकानांची गरज नाही.

आपल्या किनाऱ्यावर काय मिळत नाही? सुरूच्या बनात पडलेली सुयांसारखी पाने छपरावर शाकारणी म्हणून शोभतात आणि सुरूची छोटी बोंडे रचली की तोफगोळ्यांचा ढीग होतो. नारळाच्या सोडणाचा काथ्या कातरला की वाळलेले गवत तयार. जांभ्या दगडाचा चुरा म्हणजे लाल वाट. चहाचा चोथा उन्हात खडखडीत वाळवून पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरला, तर ओलसर जमिनीचा असा रंग येतो की कोणत्याही डबीतल्या रंगाने तो साधत नाही. हिरवळीसाठी मोहरी पेरण्याची रीत आहेच; परंतु उभ्या उतारावर अळीवच घ्यावा, कारण भिजलेला अळीव चिकट होऊन मातीला धरून राहतो. पाच-सहा दिवस आधी पेरला की पुरतो. थर्माकोल मुळीच नको. २०१८ पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे आणि नसती तरी भरतीच्या पाण्याबरोबर किनाऱ्यावर परत येणारे त्याचे पांढरे दाणे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. डोंगराच्या गाभ्यासाठी जुनी खोकी फाडून एकावर एक चिकटवावीत आणि वर शाडू थापावा. शाडू मागावयास लांब जावे लागत नाही. पेण, हमरापूर आणि जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांतून तो सर्वांच्या परिचयाचा आहे.

दुसरी गोष्ट. समुद्राकाठी राहणारी आपली मुले किल्ला म्हटला की डोंगरच का करतात? पुण्याच्या वाड्यातील मुलाने डोंगर केला तर समजू शकते. आपल्यासमोर कुलाबा आहे, खांदेरी-उंदेरी आहेत, जंजिरा आणि पद्मदुर्ग आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आपल्या जिल्ह्यातील दोन आहेत आणि रायगडाबरोबरचा दुसरा किल्ला समुद्रातील खांदेरी आहे. पाटावर जलदुर्गाचा तुकडा करावयाचा तर डोंगरापेक्षा अधिक पाहावे लागते. अलिबागच्या कुलाब्यावर ओहोटीला चालत जाता येते. तेथे गेल्यावर मुलांना सांगावे की तटाला हात लावून बघा. मोठमोठे चिरे चुन्यावाचून, नुसते एकावर एक बसवलेले आहेत; लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तसेच बाहेर पडते, त्यामुळे लाटेचा जोर मरतो. तेव्हा कुलाब्याचा तट पाटावर रचताना दगडांच्या मध्ये डिंक घालू नये. दगड निवडून, फिरवून, बसेल तसा बसवावा. मुलाचे दोन तास त्यात जातात आणि ते जावेत.

पद्मदुर्गाचे याच्या नेमके उलट. तेथे खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी चिरे झिजले, पण सांध्यांतला चुना तसाच राहिला. तट मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. तो करताना ओल्या शाडूत खडे दाबून बसवावेत आणि शाडू आवळला की खडे उपटून काढावेत. कोणत्याही पुस्तकात न वाचता चुन्याची करामत मुलाच्या लक्षात येते.

आणि पाण्याची रेघ. तटाच्या खालच्या भागाला शेवाळाचा काळपट-हिरवा पट्टा असतो, त्यात कालवे चिकटलेली असतात. त्याच्यावर क्षाराचा पांढुरका पट्टा आणि मग कोरडा दगड. ही तीन रंगांची रेघ ज्या पाटावर नाही, तो पाट समुद्र न पाहिलेल्या माणसाने केला असे मी खुशाल म्हणेन. पाणी करण्यासाठी महागडे रसायन लागत नाही. निळसर-करड्या रंगावर फेव्हिकॉलचे पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. पांढरा दिसणारा थर वाळल्यावर पारदर्शक होतो. लाटेच्या शिरावर कापसाचा एक धागा ठेवला की फेस झाला.

आता ज्यासाठी हा लेख लिहिण्याचा खटाटोप केला, त्या मुद्द्याकडे वळतो. पाट तयार झाला. त्यावर उभे कोण राहणार? बाजारात लढणारे मिळतात, राज्य करणारे मिळतात. दगड फोडणारा मिळत नाही. गडावर टाकी खोदावयाची आणि त्यातून निघालेला दगड तटाला वापरावयाचा, ही जुनी रीत. म्हणजे तट आणि पाणी हे एकाच छिन्नीचे काम. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरापाशी एका पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. ज्यांनी दगड फोडले त्यांची नावे कोठे नाहीत. गडाखालच्या मेटांवर रात्रंदिवस चौकी करणारे महार, रामोशी, कोळी, चुन्याची घाणी फिरवणारे, डोक्यावरून गवताचे भारे वर नेणाऱ्या बाया, गलबतावरचे खलाशी यांचे साचे कोणत्याही कारखान्यात नाहीत. मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात कामकरी लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा काचेआड आहेत आणि त्या फार सुबक आहेत. पण तेथे माणूस एखाद्या जातीचा वा धंद्याचा नमुना म्हणून उभा आहे. तो ज्या जमिनीवर राबला ती जमीन त्याच्या पायाखाली नाही. पाटाचे काम ती जमीन देण्याचे आहे.

या प्रतिमा मुलांनीच शाडूच्या कराव्यात. त्या ओबडधोबड होतील, होऊ द्याव्यात. आपल्या वसतिगृहात येणाऱ्या अनेक मुलांचे आईबाप वीटभट्टीवर, दगडखाणीत आणि बंदरावर राबतात. डोक्यावर ओझे असताना मान कशी ताठ राहते आणि कंबर कोठे वळते, घण उचलताना कोणता पाय पुढे असतो, हे त्या मुलाला चित्रकलेच्या शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक आहे. एरवी जे ज्ञान तो वर्गात लपवून ठेवतो, त्याच्याच आधारावर येथे वर्गातली सर्वांत चांगली मूर्ती होते.

किल्ल्यांपुरतेच का थांबावे, असेही मला वाटते. महाडचे चवदार तळे रायगडापासून दूर नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेच्या मंडपातून निघालेली माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि त्यांनी पाणी घेतले. बाबासाहेबांचे अर्धपुतळे प्रत्येक जत्रेत मिळतात. त्यांच्याबरोबर चाललेली माणसे कोठेच विकत मिळत नाहीत. ४४ फुटांत तळ्याचा एक कोपरा सहज बसेल. आजच्या बांधीव, सुशोभित तळ्याचे छायाचित्र समोर ठेवून तो करू नये. पुतळा, कठडे, दिवे हे सारे नंतरचे आहे. आणि एक अट काटेकोरपणे पाळावी. पाटावरील प्रत्येक माणूस तीन इंचांचा असावा, बाबासाहेबसुद्धा. ओंजळीत पाणी घेणारा माणूस वाकलेला असतो, तेव्हा गर्दीत त्यांना ओळखावयाचे ते उंचीवरून नव्हे, तर कोणत्या पायरीवर कोण वाकले आहे यावरून. काही ज्येष्ठांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी तयारी आहे.

व्यवहाराचे थोडे. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे होते, म्हणून हे काम सहामाही परीक्षेआधी, शनिवारच्या तासांना धरून, चार-चार मुलांच्या गटांत व्हावे. गणिताच्या शिक्षकांनी माप तपासावे, इतिहासाच्या शिक्षकांनी जागा. स्पर्धा ठेवायचीच तर उंचीला आणि दिव्यांच्या माळांना गुण देऊ नयेत. कारंजे असेल तर दोन गुण कमी करावेत. आपल्याकडच्या दमट हवेत कणकेच्या खळीला बुरशी आणि झुरळे लागतात, म्हणून बुकबाइंडर घालतात तसे चिमूटभर मोरचूद खळीत घालावे. मात्र ते विषारी असल्याने शिक्षकांनीच हाताळावे आणि कुलपात ठेवावे. पाटांवर पातळ मलमल टाकून ते वाचनालयातील कपाटांवर ठेवले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतात. तेथे सध्या जुन्या करंडकांनी जागा अडवली आहे. त्यांतले तीन-चार हलवले तरी पुरेल.