गावच्या बहाव्याचे बी गावानेच पेरावे

१९५० सालापासून दर पावसाळ्यात वनमहोत्सव साजरा होत आला आहे. खड्डे खणले जातात, बाहेरून आणलेली रोपे लावली जातात. परंतु पुढील उन्हाळ्यात त्यांपैकी किती जगली, याची चौकशी क्वचितच होते. शोभेसाठी गुलमोहोराची निवड सर्रास केली जाते. हा वृक्ष मूळचा मादागास्करचा. तो झपाट्याने वाढतो हे खरे. पण लाकूड ठिसूळ असल्याने वादळात त्याच्या फांद्या मोडतात. आपल्या रानात आपोआप वाढणारा बहावा शोभेत त्याहून उणा नाही. मग त्याची उपेक्षा का व्हावी?

"बहाव्याचे बी उगवत नाही," असे उत्तर मिळते. प्रस्तुत लेखकानेही प्रथम शेंगा फोडून बी तसेच पेरले आणि निराशाच पदरी आली. दोष बियांच्या जिवंतपणाचा नव्हता. त्यांच्या कठीण कवचातून पाणी आत शिरत नव्हते.

यावर उपाय सोपा आहे. उन्हाळ्याच्या प्रारंभी पूर्ण पिकलेल्या काळ्या शेंगा फोडाव्यात. बी धुऊन गर काढून टाकावा व ते सावलीत सुकवावे. उकळते पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी टाकावे आणि एक दिवस-रात्र तसेच राहू द्यावे. फुगलेले बी पिशवीत सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे. न फुगलेल्या बियांवर हीच क्रिया पुन्हा करावी. बी थोडे असल्यास एका कडेस खरखरीत दगडावर घासले तरी चालते. रोपे आरंभी सावकाश वाढतात. म्हणून त्यांस वर्षभर सांभाळून पुढील पावसाळ्यात लावणे इष्ट होय.

बहाव्याच्या पाल्यास गुरे व शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. लाकूड कठीण असून खांबांस व अवजारांस उपयोगी पडते. शेंगेतील गर रेचक आहे. तो वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावा. मात्र भलत्या अपेक्षा नकोत. हे झाड शेंगा धरणारे असले तरी त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. उन्हाळ्यात पाने गळत असल्याने सावलीसाठी वड वा कडुनिंबच लावावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी यंदा शाळेतील मुलांच्या हातून शंभर पिशव्या भरून घ्याव्यात. स्वतः पेरलेल्या रोपास पाणी घालण्याची आठवण मुलांना करून द्यावी लागत नाही.