सर्वेक्षणानंतर काय?

समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सुरू झाली. पोटापाण्यासाठी दूरदूरच्या मुलखांतून आलेल्या कष्टकऱ्यांची ती दाट वस्ती. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट तेथे आधीपासूनच काम करीत होते. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी ही संस्था १९५४ मध्ये देवनारला गेली. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. पुढे मुंबईने आपली नकोशी माणसेही त्याच बाजूला लोटली. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी उठवून सुमारे ७०,००० माणसांना चीता कॅम्पमध्ये नेण्यात आले. उत्तर प्रदेश, बिहार, तामिळनाडू आणि आपला मराठवाडा, सर्वांची बिऱ्हाडे येथे शेजारी शेजारी आहेत. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेच्या २४ विभागांत एम-पूर्व विभाग तळाशी असावा, यात नवल ते काय?

२०११ मध्ये, अमृतमहोत्सवी वर्षात, संस्थेने हाच विभाग आपले कार्यक्षेत्र म्हणून स्वीकारला. विद्यार्थी गल्ल्यागल्ल्यांतून हिंडले. पाणी, शौचालये, शाळा, आरोग्य यांची स्थिती त्यांनी टिपली. कुंपणापलीकडच्या वस्तीकडे विद्यापीठाने पाठ फिरवू नये, एवढा धडा जरी यातून इतरांनी घेतला तरी तो मोठा ठरेल.

परंतु एक प्रश्न टाळता येणार नाही. वस्तीतली बाई एका हातात हंडा घेऊन विद्यार्थ्याच्या प्रश्नांना उत्तरे देते. तिचे उत्तर आकडा होऊन अहवालात जाते, विद्यार्थी पदवी घेऊन जातो, आणि हंडा रिकामाच राहतो. असे होणार असेल तर त्या अभ्यासाला काय अर्थ?

ज्ञान निरुपयोगी असते असे आम्ही म्हणत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींतील क्षयरोगाचा संबंध दोन इमारतींमधील अपुरे अंतर, प्रकाश आणि वारा यांच्याशी आहे, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढे आणले. रोग्याच्या सवयींवर बोट ठेवणाऱ्यांना ते चोख उत्तर होते. मात्र उत्तर मिळाल्याने भिंती मागे सरत नाहीत. त्यासाठी लोकांचा रेटा लागतो. पाण्याचेच पाहा. ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळजोडणी नाकारण्याच्या धोरणाविरुद्ध पाणी हक्क समिती लढली, आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे बजावले. माहिती आणि संघटन एकत्र आले तेव्हाच हे घडले.

म्हणून अपेक्षा दोन. विद्यार्थ्यांनी आपले निष्कर्ष प्रथम वस्तीतच, वस्तीच्या भाषांत वाचून दाखवावेत. मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ. लोक त्यांत दुरुस्त्या सुचवतील, आणि तेच कागद घेऊन विभाग कार्यालयावर जातील. दुसरी अपेक्षा महापालिकेकडून. विद्यार्थ्यांनी गटार साफ केले म्हणून महापालिकेची जबाबदारी संपत नाही. तरुणांची सेवावृत्ती ही सरकारी कर्तव्यच्युतीवरचे पांघरूण होता कामा नये.

आणि या वस्तीतली मुले केवळ उत्तरे देणारी न राहता प्रश्न विचारणारे विद्यार्थी म्हणून त्याच संस्थेच्या वर्गांत किती संख्येने बसतात, यावरच या प्रयत्नाचे खरे मोल ठरेल.